पहिल्या भाड्याच्या घरात नवे संगीत: स्पीकर की हेडफोन?

पुण्यात पहिल्यांदाच एकटीने घर भाड्याने घेतलेल्या माझ्या भाचीला नवनवे संगीत ऐकण्याचा नाद आहे. मोजक्या पैशांत ब्लूटूथ स्पीकर घ्यावा की कान पूर्ण झाकणारे, तारेचे हेडफोन, हे तिला ठरवता येत नव्हते.

पडदे, गादी, पुस्तके यांपैकी काहीच नसलेल्या खोलीत आवाज भिंतींवरून परत येतो आणि स्पीकरवरचे शब्द अस्पष्ट होतात. सामान येते तसा हा दोष कमी होतो. हेडफोनला खोलीची अडचण नसते. शिवाय लहान स्पीकरमध्ये तबल्याच्या बायाँचा (डग्ग्याचा) खोल घुमारा हरवतो, तर तेवढ्याच किमतीच्या चांगल्या हेडफोनमध्ये तो बराचसा ऐकू येतो. अनोळखी गायकी समजून घेताना हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल आहे, त्यामुळे रात्री स्पीकर जपूनच लावावा लागतो. हेडफोनचा धोका मात्र स्वतःच्या कानांना असतो. आठवड्याला ४० तास ऐकायचे असल्यास पातळी ८० डेसिबलच्या आत असावी.

स्पीकरची बॅटरी काही वर्षांत क्षीण होते. अनेक हेडफोनची वायर आणि कानांवरच्या गाद्या बदलता येतात, पण फोनला जॅक नसल्यास जोडणीचा तुकडा वेगळा घ्यावा लागतो.

स्वयंपाक करताना किंवा मैत्रिणींसोबत ऐकायचे असेल, तर स्पीकर योग्य. भाची रात्री, एकटी, लक्ष देऊन ऐकते. तिला मी हेडफोन सुचवले.