विकृतिशास्त्र शिकवताना: संस्थानिहाय क्रम की एका रुग्णाचा धागा?

विकृतिशास्त्र, म्हणजे आजारात शरीरात काय बिघडते याचा अभ्यास, संस्थानिहाय (शरीरातील एकेका संस्थेनुसार) शिकवला तर हृदय, श्वसन, मूत्रपिंड असे एकेक प्रकरण संपवता येते, अभ्यासक्रम वेळेत पूर्ण होतो आणि परीक्षेची तयारीही सोपी जाते. एकाच रुग्णाच्या आजारातून विषय उलगडणारी रुग्णकेंद्रित पद्धत वेळखाऊ आहे व शिक्षकाकडून बरीच पूर्वतयारी मागते. तरीही नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी मला तीच अधिक मोलाची वाटते, कारण आजार प्रकरणांच्या सीमा पाळत नाही.

डायबेटिक किटोॲसिडोसिस या मधुमेहातील गंभीर गुंतागुंतीचेच पाहा. संस्थानिहाय क्रमात हा विषय अंतःस्रावी (संप्रेरके रक्तात सोडणाऱ्या) ग्रंथींच्या प्रकरणात येतो आणि बहुधा तिथेच संपतो. रुग्णापासून सुरुवात केली, तर इन्सुलिनच्या अभावी चरबीचे विघटन होऊन कीटोन ही आम्लद्रव्ये साचतात, रक्तातील आम्लता वाढल्यामुळे श्वास खोल व जलद होतो, साखरेबरोबर लघवीवाटे पाणी व क्षार निघून गेल्याने रक्तदाब उतरू लागतो, ही सगळी साखळी एकाच खाटेशी उलगडते. पोटॅशियमचा मुद्दा तर इथेच नीट कळतो: शरीरातला साठा घटलेला असूनही पहिल्या तपासणीत ते ३.५ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर या सामान्य मर्यादेत किंवा त्याहून वर दिसू शकते, आणि इन्सुलिन सुरू झाल्यावर ते पेशींत शिरल्याने रक्तातले प्रमाण घसरून हृदयाची लय बिघडू शकते. हे उमगलेली परिचारिका ईसीजी आणि लघवीचे प्रमाण यांकडे अधिक सावधपणे पाहते.

मात्र शरीरक्रियाशास्त्राचा पाया कच्चा असेल, तर रुग्णचर्चेचे रूपांतर लक्षणांच्या पाठांतरात होते. म्हणून सुरुवातीच्या सत्रांत संस्थानिहाय क्रम ठेवावा आणि वॉर्डातील ड्यूटी लागली की दर आठवड्याला एक रुग्ण सविस्तर घ्यावा.