‘पॉवर सेव्हर’ प्लग घ्यावा की बीएलडीसी पंखा?

वीजबिल कमी करायला घरात काय आणावं, या प्रश्नावर दोन वस्तू हमखास पुढे येतात. एक म्हणजे सॉकेटात खोचायचा, हिरवा दिवा लागणारा, काही शे रुपयांचा प्लग. दुसरी तीन हजारांच्या आसपासचा बीएलडीसी पंखा, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचा, कमी वीज खाणारा पंखा. स्वस्त आहे म्हणून आधी प्लग लावून बघू, असं बहुतेकांना वाटतं. तेही पैसे वाचवा.

प्लग उघडला तर आत चार-पाच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि दिव्यापुरती छोटी सर्किट-पट्टी निघते. कपॅसिटरने मोटारीच्या भाराचा पॉवर फॅक्टर (खेचलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) सुधारतो, हे खरं. विक्रेता क्लॅम्प मीटर लावून अँपिअर उतरलेले दाखवतो, तेही खरं. पण घरगुती मीटर किलोवॅट-तास (म्हणजेच युनिट) मोजतं आणि वॅट होते तेवढेच राहतात. उलट नुसते एलईडी दिवे चालू असतील, तर ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर स्वतःच सुमारे ०.३४ अँपिअर खेचतो, म्हणजे अँपिअर वाढतातही. केव्हीएएचवर (किलोव्होल्ट-अँपिअर-तासांवर, म्हणजे खेचलेले अँपिअरही धरून) बिल येणाऱ्या कारखान्यात कपॅसिटर बँकेचा फायदा होतो. तिथलं गणित घरात लागू नाही.

पडताळा फुकट घेता येतो. फ्रिज, राउटर, सगळं बंद करून फक्त एक पंखा फुल स्पीडवर ठेवा. मीटरवर ३२०० इम्पल्स (एका युनिटला दिवा ३२०० वेळा लुकलुकतो) लिहिलं असेल, तर ७५ वॅटच्या पंख्याला लाल दिवा १० वेळा लुकलुकायला सुमारे १५० सेकंद लागतात. प्लग लावून पुन्हा मोजा, फरक पडणार नाही. त्या जागी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा असेल, तर तेवढ्याच लुकलुकीला सव्वासहा मिनिटं लागतात.

म्हणजे ४५ वॅटची बचत. रोज १२ तासांना महिन्याला साधारण १६ युनिट. युनिटमागे १० रुपये धरले तर १६० रुपये, आणि पंखा वर्षातले आठ महिने चालला तर अंदाजे १३०० रुपये. चालू स्थितीतला जुना पंखा काढून नवा लावलात, तर पैसे फिटायला दोन वर्षांहून थोडं जास्त लागेल. नवा घ्यायचाच असेल, तर मात्र फक्त किमतीतला फरक भरून निघायचा असतो. पण पंखा कायम दोन नंबरवरच फिरत असेल आणि रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक असेल, तर साधा पंखाही कमीच वीज खातो. तिथे घाई नको. जुना, तापणारा डबा-रेग्युलेटर असेल, तर आधी तोच बदला.

बीएलडीसी बसवताना भिंतीवरचा रेग्युलेटर सर्किटमधून काढून थेट जोडणी करावी लागते. वायरमन हे विसरला, तर पंखा गुणगुणतो, अडखळतो आणि सर्किट बिघडू शकतं. रेग्युलेटरवर चालणारं वेगळं मॉडेल मिळतं. खोक्यावर तसं लिहिलेलं असेल तरच रेग्युलेटर ठेवा. रिमोटने बंद केलेला पंखा थोडी वीज घेतच राहतो, म्हणून बटणही बंद करावं. साधा पंखा मंदावला तर बहुधा ५०-१०० रुपयांच्या कपॅसिटरवर काम भागतं. बीएलडीसीचं कार्ड (आतली सर्किट-पट्टी) गेलं, तर कंपनीच्या सर्व्हिसवर अवलंबून राहावं लागतं. विजा कडाडणाऱ्या, व्होल्टेज उड्या मारणाऱ्या गावात वॉरंटीची वर्षं आणि जवळचं सर्व्हिस सेंटर आधी बघा. लेबलवर फक्त वॅट पाहून भागत नाही; १२०० मिमीच्या पंख्याचा वारा मिनिटाला २१० घनमीटरपेक्षा कमी नसावा. पहिला पंखा झोपण्याच्या खोलीत लावा, कारण सर्वांत जास्त तास तिथलाच फिरतो.

प्लग आधीच घरात आला असेल, तर काढून ठेवा. काढल्या-काढल्या त्याच्या पिनांना हात लावू नका. स्वस्त प्लगमध्ये कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर नसला, तर झटका बसतो.