तीस लिटरचा ओटीजी आणि घरची कंदमुळं

ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलर ही विजेवरची भट्टी, विकताना दुकानदार केक, बिस्किटं आणि पिझ्झा यांचंच कौतुक करतो. मराठवाड्यातल्या घरात मात्र केक वर्षातून चार वेळा होतो आणि मग ओटीजीवर डब्यांची चळत चढते. बाजारात रताळी, गाजरं, बीट आणि नवा बटाटा यांचे ढीग लागतात त्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दिवसांत हेच यंत्र आठवड्यातून दोनदा कामाला येतं. त्यासाठी त्याच्या दोन-तीन खोडी आधी ओळखाव्या लागतात.

इथे तपासलाय तो २८ ते ३० लिटरचा, १५०० ते १६०० वॉटचा, वर-खाली कॉइल आणि आत पंखा असलेला साधा ओटीजी. कंपनी कुठलीही असो, या मापात आतला मामला जवळपास सारखाच असतो.

पहिली गोष्ट विजेची. १६०० वॉटचा ओटीजी २३० व्होल्टवर सुमारे ७ अँपिअर वीज ओढतो. मिक्सरचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो, म्हणून गिझरला लागतो तसला १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर लावला तर तासाभरात पिन काळी पडते, वायर गरम होते. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर तर तो लावूच नये. खेड्यात दुसरी अडचण येते. रब्बीत विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने कमी होते, म्हणजे १८० व्होल्टवर १६०० वॉटचा ओटीजी जेमतेम ९८० वॉटचा उरतो. दहा-बारा मिनिटांत तापणारी पेटी मग वीस मिनिटांनीही कोमटच, आणि भाज्या भाजायच्या ऐवजी वाफलून निघतात. दोष यंत्राचा नसतो, पण बिघडलेला घाणा आपल्याच ताटात येतो. अशा गावात मोटारींची पाळी संपल्यावरच ओटीजी लावावा.

दुसरी खोड बटणाची. बटणावरचा २०० चा आकडा म्हणजे आत २०० अंश असं धरून चालू नये, वीस-पंचवीस अंशांचा फरक सर्रास निघतो. आत ठेवायचा छोटा ओव्हन थर्मामीटर मिळाला तर उत्तम. नाहीतर साखरेची परीक्षा करावी. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलवर चमचाभर साखर पसरून बटण १७५ वर ठेवायचं, पेटी पूर्ण तापू द्यायची आणि पंधरा मिनिटं थांबायचं. साखर वितळली तर तुमचा ओटीजी जास्त तापतो. नाही वितळली तर बटण १९० वर नेऊन पुन्हा पंधरा मिनिटं. तरीही दाणे कोरडेच राहिले तर तो कमी तापतो. मग खाली दिलेल्या प्रत्येक आकड्यात तेवढी भर किंवा वजाबाकी करून घ्यायची. खालचे आकडे पंखा बंद ठेवून, दोन्ही कॉइल चालू असतानाचे आहेत. पंखा लावला तर १५ ते २० अंश कमी ठेवा.

तिसरी खोड खरं तर वापरणाऱ्याची: ट्रे गच्च भरणं. या मापाच्या ट्रेमध्ये चिरलेली भाजी एका थरात ६०० ते ७०० ग्रॅमच बसते. किलोभर कोंबली की फोडींतलं पाणी वाफ होऊन तिथेच घुटमळतं, आणि पाणी आहे तोवर फोडीचा पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही. तांबूस रंग आणि खमंग वास यायला १४० च्या वर जावं लागतं. मोकळ्या ट्रेमध्ये पस्तीस मिनिटांत होणारी गाजरं भरलेल्या ट्रेमध्ये तासाभरानेही उकडल्यासारखीच लागतात ती यामुळे. दोन फोडींमध्ये अर्धा बोट जागा सोडा. जास्त माणसं असतील तर दोन घाणे काढा. दोन जाळ्यांवर दोन ट्रे एकदम लावायचा मोह आवरा, वरचा करपतो आणि खालचा कच्चा राहतो.

तेल किलोला दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० मिली. ते ट्रेवर ओतायचं नाही. परातीत फोडी घेऊन हाताने चोळायचं. आपल्याकडे करडई आणि शेंगदाणा दोन्ही तेलं घरात असतात. भाजायला रिफाइंड बरं. घाण्यावरचं करडईचं कच्चं तेल फार लवकर धुरावतं आणि कडवट होतं, ते भाजून झाल्यावर वरून घालायला ठेवा, वास तेव्हाच खरा लागतो. मीठ किलोला दीड लहान चमचा, तेही ट्रे आत सरकवायच्या अगदी आधी. मीठ लावून गाजरं किंवा मुळा अर्धा तास ठेवला की परातीत पाणी सुटतं आणि ट्रेच्या आधीच खेळ खलास. काळा मसाला, लाल तिखट, लसणाचं वाटण सुरुवातीला लावू नका. २०० अंशांत चाळीस मिनिटं काढल्यावर त्यांची राख होते. शेवटच्या पाच-सात मिनिटांत लावा. तीळ आणि गूळही तेव्हाच.

आता एकेक कंद.

बटाटा यात सगळ्यात हट्टी. कच्च्या फोडी थेट टाकल्या तर वरून कातडं येतं आणि आत गच्च राहतं. अडीच-तीन सेंटिमीटरच्या फोडी मिठाच्या पाण्यात सात-आठ मिनिटं उकळाव्या. लिटरभर पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा घातला तर फोडीच्या कडा लवकर भुसभुशीत होतात, कारण अल्कलीत बटाट्यातलं पेक्टिन सुटतं. पाणी निथळून, झाकण लावून पातेलं चार-पाच वेळा हिसडायचं. खरबरीत झालेल्या कडा तेल धरतात, त्याच पुढे कुरकुरीत होतात. ट्रे आधीच तापलेला असावा. २१० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, विसाव्या मिनिटाला उलटायचं. थंडीत येणारा पातळ सालीचा नवा बटाटा यासाठी कामाचा नाही, तो गुळगुळीतच राहतो. जुना, पिठूळ बटाटा घ्या. फ्रिजमध्ये ठेवलेला तर नकोच. थंडीत त्यातल्या पिठाची साखर होते आणि तो आतून शिजायच्या आत वरून काळपट होतो. हिरवट झालेला बटाटा टाकून द्या, त्यातला विषारी अंश भाजून जात नाही.

गाजर सोपं आहे. लांबट, अंगठ्याएवढ्या जाडीच्या फोडी, २०० अंश, तीस ते पस्तीस मिनिटं. आपलं लाल देशी गाजर केशरीपेक्षा पाणचट असतं, त्याला पाच मिनिटं जास्त द्या. किलोचं साडेसहाशे-सातशे ग्रॅम होतं, तेव्हा माणसं मोजून चिरा.

बीट चिरून भाजता येतं, पण अख्खं बरं. शंभर-सव्वाशे ग्रॅमचा बीट देठाचा बोटभर भाग ठेवून धुवायचा (देठ मुळाशी कापला की रंग वाहतो), थेंबभर तेल लावून फॉइलमध्ये गुंडाळायचा, २०० अंशांवर तास-सव्वा तास. सुरी सहज शिरली की झालं. कोमट असतानाच साल अंगठ्याने निघून येते. याची दह्यातली कोशिंबीर उकडलेल्या बीटच्या कोशिंबिरीपेक्षा दोन पायऱ्या वर, कारण पाण्यात जाणारी गोडी आतच राहते.

सुरणाची खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते. नुसत्या भाजण्याने ती जाईल या भरवशावर राहू नका. हाताला तेल लावून साल काढा, दोन सेंटिमीटर जाडीच्या फोडी चिंचेच्या पाण्यात दहा-बारा मिनिटं उकळा, ते पाणी फेकून द्या, फडक्यावर कोरड्या करा आणि मग २०० अंशांवर पंचवीस मिनिटं. अरवीलाही आधी उकडून घ्या, सोलून तळव्याने दाबून चपटी करा, तेवढाच वेळ लागतो. मुळा भाजला की तिखटपणा उतरतो आणि तो निम्मा होतो. घरभर वास मात्र राहतो, खिडकी उघडी ठेवा. लसणाचा अख्खा गड्डा फॉइलमध्ये याच ट्रेच्या कोपऱ्यात पस्तीस-चाळीस मिनिटं ठेवता येतो. सुट्या पाकळ्या टाकू नका, करपतात.

रताळ्यासाठी मात्र थांबायला हवं, कारण बहुतेक लोक चुकतात ते इथेच आणि दोष देतात ओटीजीला.

हुरड्याच्या आगटीत रताळं कसं भाजतात ते आठवा. जाळात कोणी टाकत नाही. गोवऱ्यांचा आर बाजूला सारून गरम राखेत पुरतात आणि पाऊण तास विसरून जातात. त्यामागे कारण आहे. रताळ्यात पिठाची साखर करणारं एक एन्झाइम असतं. ते साधारण ६० ते ७५ अंशांच्या टप्प्यात जोरात काम करतं आणि त्यापुढे मरतं. रताळं या टप्प्यातून जितकं सावकाश जाईल तितकं गोड होतं. राख हळू तापवते, म्हणून आगटीतलं रताळं गोड. मायक्रोवेव्ह तो टप्पा दोन-तीन मिनिटांत ओलांडतो, म्हणून तिथलं रताळं मऊ असूनही फिकं. ओटीजी २२० वर तापवून त्यात रताळी टाकली तरी तोच प्रकार थोड्याफार फरकाने होतो.

म्हणून रताळ्यासाठी पेटी आधी तापवायची नाही. दीड-दोनशे ग्रॅमची, लांबट आणि सारख्या जाडीची रताळी निवडा. काळ्या मातीतली असतील तर दहा मिनिटं पाण्यात भिजवून ब्रशने घासा, खाचांतली माती नुसत्या धुण्याने जात नाही. साल काढू नका, पूर्ण कोरडी करा, काट्याने पाच-सहा ठिकाणी टोचा. थंड ओटीजीत मधल्या जाळीवर ठेवून १५० अंश, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. मग २०० वर आणखी पंचवीस-तीस मिनिटं. टोचलेल्या ठिकाणी मधासारखा चिकट पाक दिसला आणि साल आतल्या गरापासून सुटून सैल झाली की काढा. लगेच चिरू नका, दहा मिनिटं राहू द्या. आगटीचा धुरकट वास येणार नाही, पण गोडीत फरक जाणवणार नाही.

आषाढी एकादशीला आणि महाशिवरात्रीला हाच घाणा उपासाला उपयोगी. त्याच ट्रेमध्ये बटाटा आणि सुरण चालतात, तेलाऐवजी तूप लावा. सालीवर बारीक भोकं असलेली रताळी घेऊ नका. सोंड्या भुंग्याने पोखरलेलं रताळं कडू होतं, भोक कापून टाकलं तरी कडूपणा उरतो. रताळी फ्रिजमध्येही ठेवू नयेत, आतला गर टणक होतो आणि कितीही भाजला तरी मऊ पडत नाही.

पर्यायांचं थोडक्यात. लातूरच्या गंजगोलाई किंवा छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीच्या आसपास भांड्यांच्या दुकानांत झाकणाचा, जाळीचा गॅस तंदूर मिळतो. अख्खी रताळी, वांगी, बाट्या यांना तो पुरेसा आहे आणि वीज गेली तरी अडत नाही. पण आच खालूनच येते, दर सात-आठ मिनिटांनी फिरवावं लागतं आणि चिरलेल्या फोडी जाळीतून खाली पडतात. चार लिटरचा एअर फ्रायर दोन माणसांच्या घरी ओटीजीपेक्षा सरस. ४०० ग्रॅम गाजरं वीस मिनिटांत होतात. पाच माणसांना मात्र तीन घाणे काढत बसावं लागतं, आणि जोरदार वाऱ्यामुळे बीट कडेने चामट होतं. जाड लोखंडी कढईत बोटभर मीठ पसरून, वर रताळी ठेवून, झाकण लावून मंद आचेवर पाऊण तास भाजणं ही जुनी युक्ती अजूनही स्वस्तात पडते.

ओटीजीबद्दलच्या तक्रारीही आहेत. मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त तापते, म्हणून अर्ध्या वेळेला ट्रे पुढचा मागे फिरवावाच लागतो. सोबत येणारा काळा ट्रे पातळ असतो, तापला की टणकन वाकतो आणि तेल एका कोपऱ्यात जमतं. जाड अ‍ॅल्युमिनियमचा वेगळा ट्रे घेतला तर निम्मी कटकट मिटते. टायमर साठ मिनिटांचा असतो, रताळ्याला आणि बीटला तो दोनदा फिरवावा लागतो. तापलेल्या काचेवर ओलं फडकं लावू नका, काच तडकते. नवीन आणल्यावर पहिल्यांदा रिकामाच २०० वर अर्धा तास चालवा, कॉइलवरच्या तेलाचा धूर निघून जाऊ द्या, नाहीतर पहिला घाणा त्याच वासाचा.

मध्येच वीज गेली तर दार उघडू नका. रताळी आणि फॉइलमधलं बीट आतल्या उष्णतेवर पंधरा-वीस मिनिटं शिजत राहतात, वीज आल्यावर पुढे चालवा. बटाटे मात्र मऊ पडतात. ते बाहेर काढून भाकरीच्या तापलेल्या तव्यावर एका थरात कडक करून घ्या.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना स्वयंपाकघरात दीड तास ओटीजी चालवणं म्हणजे स्वतःलाच भाजणं. तेव्हा कंदही चांगले मिळत नाहीत. चार-पाच माणसांचं घर, १६ अँपिअरचा सॉकेट आणि बऱ्यापैकी टिकणारं व्होल्टेज, हे तीन असेल तर घ्या. व्होल्टेजचाच भरवसा नसेल तर गॅस तंदूर आणि लोखंडी कढई यांवर पैसे घाला.

रताळ्याचा पाक ट्रेवर सांडून काळा कुळकुळीत होतो, तो तारेच्या घासणीने खरवडू नका. ट्रे गरम असतानाच त्यात उकळतं पाणी ओतून रात्रभर ठेवा, सकाळी तो नुसत्या हाताने निघतो. त्याहून सोपं म्हणजे आधीच खाली बटर पेपर अंथरा. मेणाचा स्वस्त कागद मात्र नको, तो २०० अंशांत धूर काढतो.