निवृत्त शिक्षक-कर्मचाऱ्यांचे विद्यापीठ केंद्र : एका सदस्याचे परीक्षण

विद्यापीठातून निवृत्त झालेल्या शिक्षकांसाठी आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी चालवल्या जाणाऱ्या केंद्रांविषयी एरवी वाचायला मिळते ते उद्घाटनाचे वृत्त किंवा समारंभातील आभाराचे भाषण. सेवा म्हणून हे केंद्र कसे आहे, सदस्याला त्यातून नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, हे सहसा कोणी लिहीत नाही. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून आमच्या केंद्राची नियमित सदस्य आहे. या केंद्राबद्दल मला मनापासून आस्था आहे, म्हणूनच त्याचे परीक्षण काटेकोरपणे व्हावे असे वाटते. माझी कसोटी एकच आहे : निवृत्त माणसाला येथे नुसते श्रोता म्हणून बसवले जाते, की त्याने आयुष्यभर कमावलेल्या जाणकारीला काम मिळते?

या कसोटीवर केंद्राची सर्वांत जमेची बाजू म्हणजे त्याचे सदस्यत्व पदावर अवलंबून नाही. विभागप्रमुख, लिपिक, प्रयोगशाळा सहायक, वसतिगृहाचे पहारेकरी, सगळ्यांना एकच अर्ज आणि एकच वर्गणी. हे सर्वत्र असे नसते. कॅलिफोर्निया विद्यापीठात निवृत्त प्राध्यापकांच्या आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटना वेगवेगळ्या आहेत आणि बर्कलेसारख्या परिसरात निवृत्तांचे एक केंद्र दोन्ही गटांना सेवा देते. वेगळ्या संघटनांचे काही फायदे असतीलही. संशोधन चालू ठेवू इच्छिणाऱ्या प्राध्यापकाच्या गरजा वेगळ्या असतात, हे मान्य आहे. तरीही ज्यांनी एकाच आवारात तीस-तीस वर्षे काढली, त्यांना निवृत्तीनंतर पुन्हा श्रेणींत विभागण्याने दोन्हीकडच्यांचे नुकसानच होते, असे माझे ठाम मत आहे.

या मताला आधार देणारा उपक्रम म्हणजे जुन्या छायाचित्रांची ओळख पटवण्याची बैठक. विद्यापीठाच्या अभिलेखागारात दीक्षान्त समारंभांची, विभागांच्या वर्धापनदिनांची आणि निरोपसमारंभांची कितीतरी छायाचित्रे नावांशिवाय पडून होती. त्यांच्या मोठ्या प्रती टेबलावर मांडतात, प्रत्येकीवर पारदर्शक कागद ठेवतात आणि त्यावर पेन्सिलीने चेहऱ्यांच्या बाह्यरेषा काढून प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक देतात. सदस्यांनी क्रमांकापुढे नाव, विभाग आणि अंदाजे वर्ष लिहायचे. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर बसलेल्यांची नावे प्राध्यापक मंडळी चटकन सांगतात. मागच्या रांगेपाशी मात्र बहुतेक जण अडखळतात. अशा एका बैठकीत रसायनशास्त्र विभागातील एका निवृत्त परिचराने मागच्या रांगेतील एकूण एक नाव सांगितले, कारण त्या दिवशी खुर्च्या त्यांनीच लावल्या होत्या आणि कोण कोणाशेजारी उभे राहिले हे त्यांच्या पक्के लक्षात होते. शिवाय मागे दिसणारा जिना पुढे पाडण्यात आला, म्हणून ते छायाचित्र नोंदीतल्या वर्षाच्या आधीचे असले पाहिजे, हेही त्यांनी दाखवून दिले. अभिलेखपालांनी ती दुरुस्ती तिथल्या तिथे नोंदवून घेतली. विद्यापीठाचा इतिहास असाही लिहिला जातो, आणि त्यासाठी लागणारी माणसे एकाच खोलीत आणणे ही या केंद्राची खरी कामगिरी आहे.

कागदपत्रांच्या साहाय्यासाठी ठरावीक दिवशी मांडले जाणारे टेबल हा दुसरा उपक्रमही याच जातीचा आहे. लेखा विभागातून निवृत्त झालेले दोन सदस्य तेथे बसतात. निवृत्तिवेतनाची थकबाकी, वारसाचे नामनिर्देशन, जोडीदाराच्या निधनानंतर करायचा कौटुंबिक निवृत्तिवेतनाचा अर्ज, अशा कामांत ते मदत करतात. सगळ्यांत मोलाचे म्हणजे ते समोरच्या माणसाला अर्ज स्वतःच्या हाताने भरायला लावतात आणि प्रत्येक रकाना कशासाठी आहे ते समजावतात. पतीच्या मागे प्रथमच हे व्यवहार अंगावर पडलेल्या एक बाई तेथून उठताना पुढच्या बैठकीत नवख्यांना मदत करायला येते म्हणून सांगून गेल्या, आणि खरोखरच आल्या.

त्या मानाने मासिक व्याख्यानमाला सामान्य आहे. वक्ते विद्वान असतात, विषय चांगले असतात, पण व्याख्यान लांबते आणि प्रश्नांना जेमतेम वेळ उरतो. निवृत्तांच्या शिक्षणाचे दुसरे नमुने जगात आहेत. 1973 मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे प्येर वेलास यांनी ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ सुरू केले, तेव्हा ते विद्यापीठाच्याच आश्रयाने चालणारे होते. 1980 च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये पीटर लॅस्लेट, मायकेल यंग आणि एरिक मिडविंटर यांच्या पुढाकाराने ही कल्पना रुजली, तेव्हा तिने वेगळे वळण घेतले : बाहेरचे अध्यापक नकोत, परीक्षा नकोत, पदव्या नकोत, सदस्यांनीच एकमेकांना शिकवायचे. ज्या संस्थेच्या सदस्यांत वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकापासून मुद्रणालयातील जुळाऱ्यापर्यंत सगळे आहेत, तिने महिन्यातून एकदा व्याख्यान ऐकण्यावर समाधान मानावे, हे मला पटत नाही.

आता उणिवांविषयी. पहिली उणीव माझ्या व्यवसायाशी संबंधित असल्याने तिच्याबद्दल मी अधिकाराने बोलू शकते. केंद्राच्या माहितीपत्रकात ‘ग्रंथालय सुविधा’ असे मोघमपणे छापले आहे. प्रत्यक्षात छापील पुस्तके घरी नेता येतात, पण इलेक्ट्रॉनिक नियतकालिके घरून उघडता येत नाहीत. प्रकाशकांशी होणाऱ्या करारांत अधिकृत वापरकर्ते कोण हे स्पष्ट लिहिलेले असते. बहुतेक वेळा त्यात कार्यरत कर्मचारी आणि नोंदणीकृत विद्यार्थी येतात, तर ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन बसणाऱ्या वाचकाला तेथील संगणकावर वाचण्याची मुभा अनेक करारांत असते. निवृत्तांचा समावेश करून घ्यायचा असेल, तर करार नूतनीकरणाच्या वेळीच विद्यापीठाने तशी मागणी करावी लागते. केंद्राने हा आग्रह धरायला हवा आणि तोवर माहितीपत्रकात खरी स्थिती छापायला हवी. अर्धवट राहिलेले संशोधन पूर्ण करण्याच्या आशेने येणाऱ्या प्राध्यापकाला पहिल्याच आठवड्यात बंद दार दिसते, तेव्हा होणारी निराशा मी जवळून पाहिली आहे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. सभागृह पहिल्या मजल्यावर आहे आणि इमारतीत उद्‌वाहन नाही, त्यामुळे ज्यांना या सहवासाची सर्वाधिक गरज आहे तेच सदस्य हळूहळू यायचे थांबतात. सभागृहात ध्वनिक्षेपक आहे, पण श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण आवाज मोठा झाला तरी घुमतो. सभागृहाच्या कडेने तारेचे वेटोळे बसवले, तर टेलिकॉइल (चुंबकीय संकेत पकडणारी छोटी गुंडाळी) असलेल्या श्रवणयंत्रात वक्त्याचा आवाज थेट पोहोचतो, मधला गोंगाट गाळला जातो. हे तंत्रज्ञान जुने आणि परिचित आहे. नव्या खुर्च्यांआधी हे व्हायला हवे होते.

कार्यकारी समितीबद्दल थोडक्यात सांगते. सदस्यत्वातली समानता समितीत दिसत नाही. अध्यक्षपद आणि सचिवपद आजवर प्राध्यापकांकडेच राहिले आहे, तर हिशेब, बैठकव्यवस्था आणि दूरध्वनी करण्याचे काम शिक्षकेतर सदस्य करतात. यात कोणाचा हेतू वाईट आहे असे मी म्हणणार नाही, पण जुनी उतरंड सवयीने चालत आली आहे आणि ती केंद्राच्या घटनेत दुरुस्ती करूनच मोडेल.

या उणिवा असूनही सदस्यत्व घ्यावे असे मी निःसंकोचपणे सांगेन, मात्र ते निवृत्तीच्या आधी घ्यावे. निवृत्तीनंतर विद्यापीठाचा ईमेल बंद होतो, आस्थापना विभाग पत्ते केंद्राकडे आपणहून पाठवत नाही आणि एकदा तुटलेला संपर्क जुळायला कधी कधी वर्षे लागतात. शेवटच्या वर्षातच घरचा पत्ता, खासगी ईमेल आणि जोडीदाराचा दूरध्वनी क्रमांक केंद्रात नोंदवावा. अर्जातील ‘आपण कोणते काम करू शकाल’ हा रकाना बहुतेक जण कोरा सोडतात. तो आवर्जून भरावा, कारण छायाचित्रांच्या बैठकीला कोणाला बोलवायचे हे समिती त्यावरूनच ठरवते.