ओळखीतून आलेलं काम: टक्का द्यावा की पुढच्या बिलात वजावट?

कुणाच्या तरी सांगण्यावरून नवा ग्राहक आला, की सांगणाऱ्याला पहिल्या बिलावर टक्का द्यायचा, की त्याच्याच पुढच्या बिलात वजावट करायची? वेबसाइट, डिझाइन, अनुवाद अशी कामं एकट्याने करणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी ठरवावं लागतं. मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. पुढची उदाहरणं वेबसाइटच्या कामाची आहेत. अनुवादकांनी, फोटोग्राफरनी आकडे आपापल्या दराप्रमाणे बदलून घ्यावेत.

टक्क्याची मोठी जमेची बाजू अशी, की तो कुणालाही देता येतो. ६०,००० रुपयांचं काम आलं, १० टक्के ठरले होते, ६,००० रुपये यूपीआयने पाठवले, विषय संपला. सांगणाऱ्याचं तुमच्याकडे स्वतःचं काही काम असायची गरज नाही. छापखानेवाले, फोटोग्राफर, मजकूर लिहून देणारे, दुसरे फ्रीलान्सर यांच्यात हे नेहमीचंच आहे आणि त्यात कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. वजावटीला मात्र समोरचा माणूस तुमचा चालू ग्राहक असावा लागतो, किंवा निदान वर्षभरात होण्यासारखा. ज्याला वेबसाइट नकोच आहे, त्याला पाच हजारांची वजावट देऊन काय उपयोग?

कागदावर टक्काच सरस दिसतो. तरीही मी त्यापासून बाजूला झालो, ते मुख्यतः एका त्रासामुळे. टक्का म्हटला की बिल दाखवावं लागतं.

वेबसाइटचं काम कोटेशनच्या आकड्यावर क्वचितच संपतं. ६०,०००ला सुरू झालेल्या कामात मधेच इंग्रजीसोबत मराठी पानं येतात, पेमेंट गेटवे येतो, फोटो नव्याने काढावे लागतात आणि अंतिम बिल ८५,००० होतं. आता टक्का कशावर? ६०,०००वर की ८५,०००वर? फोटोग्राफरला तुम्ही दिलेले १२,००० त्यात धरायचे का? १८ टक्के जीएसटीसकट धरायचं की सोडून? शेवटचा हप्ता दोन महिने अडकला, तर टक्का बिलावर की जमा झालेल्या रकमेवर? पुढच्या वर्षी त्याच ग्राहकाने देखभालीचा करार केला, तर त्यावरही द्यायचा का? याची उत्तरं आधी लिहून ठेवता येतात, ठेवावीतच. पण उत्तर काहीही असलं तरी तिसऱ्या माणसाला ग्राहकाच्या बिलाचा आकडा सांगावा लागतो. आपल्याकडे हा तिसरा माणूस ग्राहकाचा मेहुणा असतो, सोसायटीतला शेजारी असतो, नाहीतर एकाच भिशीतला असतो. आकडा त्याला दोन्हीकडून कळतो आणि दोन आकडे जुळले नाहीत, की शंका तुमच्यावर येते.

याहून वाईट म्हणजे तोच माणूस ग्राहकाला विचारतो, “त्यांचे पैसे दिलेस का रे?” त्याचा हेतू वाईट नसतो, त्याचा टक्का त्या हप्त्यात अडकलेला असतो. पण ग्राहकाला वाटतं, वसुलीसाठी तुम्हीच मागे लावलंय. उलट दिशेनेही होतं. ग्राहक दर कमी करायला त्याच्यामार्फत निरोप धाडतो आणि ज्याचा वाटा त्या दरावर ठरतो, तो मधे बोलायला लागतो. ज्या ओळखीच्या जोरावर काम मिळालं, तीच ओळख अशी कामाच्या आड येते. किती कामांत असं झालं याची मोजदाद मी ठेवलेली नाही, पण टक्का ठरलेला असताना विचारणा आली नाही असं काम मला चटकन आठवत नाही.

पैसेच द्यायचे असतील, तर निदान टक्का न ठेवता ठोक रक्कम ठेवा. उदाहरणार्थ, ५०,०००च्या आतल्या कामाला ३,००० आणि त्यापुढे ५,०००. फक्त पहिल्या कामासाठी, ॲडव्हान्स जमा झाल्यापासून सात दिवसांत, एकदाच. बिल पुढे वाढो की अडको, आकडा बदलत नाही आणि दाखवायलाही लागत नाही. एवढ्याने निम्मा त्रास जातो. ही रक्कम आपल्या नफ्यातून द्यायची, कोटेशनमध्ये चढवायची नाही. त्याच कामाचा दर सांगणाऱ्याच्या नात्यातल्या दुसऱ्या कुणाला कमी लावला गेला, की चढवलेली रक्कम उघडी पडते. आपण सांगणाऱ्याला काही देतो, हे नव्या ग्राहकाला पहिल्याच भेटीत एका वाक्यात सांगून टाकलेलं बरं.

उरलेला निम्मा त्रास कराचा आहे. टीडीएसची, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायच्या कराची, भीती बहुतेकांना विनाकारण असते. कमिशनवर टीडीएस कापायची जबाबदारी व्यक्तीवर येते, ती मागच्या वर्षीची जमा व्यावसायिक सेवेतून ५० लाखांच्या किंवा धंद्यातून एक कोटीच्या पुढे गेली असेल तरच. तेव्हाही एकाच माणसाला वर्षात २०,०००हून जास्त दिले तर, आणि तो २ टक्के असतो. खरी मेख दुसरीकडे आहे. आपल्यापैकी बरेच जण ४४-एडीए या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या अंदाजित उत्पन्नाच्या सोयीत विवरणपत्र भरतात, म्हणजे जमेच्या निम्मी रक्कम नफा धरली जाते. (१ एप्रिल २०२६पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, सोय राहिली.) या सोयीत खर्च वेगळा वजा होत नाही. ६०,००० जमा झाले आणि त्यातले ६,००० कमिशन म्हणून गेले, तरी करासाठी नफा ३०,०००च. वजावटीत सांगणाऱ्याचं पुढचं बिल १२,०००चं ७,००० होतं, म्हणजे तुमची जमाच कमी होते आणि नफा ६,०००ऐवजी ३,५०० धरला जातो. फार मोठा फरक नाही, पण वर्षात अशी सात-आठ कामं आली तर जाणवतो.

घेणाऱ्याचंही पाहायला हवं. छोटा छापखाना ४४-एडीमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या तशाच सोयीत असेल, तर कमिशनचं उत्पन्न असणाऱ्याला ती सोय लागू होत नाही. म्हणजे तुमच्या कमिशनमुळे त्याची ती सोयच अडचणीत येऊ शकते. हे त्याच्या सीएने वर्षअखेरीला सांगण्यापेक्षा तुम्ही आधी सांगितलेलं चांगलं.

जीएसटीत नोंदणी असेल तर वजावट बिलावरच दिसली पाहिजे: पूर्ण रक्कम १२,०००, वजावट ५,०००, करपात्र ७,०००, त्यावर १८ टक्के म्हणजे १,२६०. बिल झाल्यावर मागाहून दिलेल्या सवलतीला वेगळ्या अटी लागतात, त्या भानगडीत पडू नये. इथे एक सावधगिरी मात्र हवी. “एक ग्राहक आणा, पाच हजार मिळवा” असं लेखी वचन दिलं, तर ती निव्वळ सवलत न राहता शिफारशीच्या सेवेचा मोबदला आहे, असं म्हणायला जागा उरते. मग १२,०००वरच कर मागितला जाऊ शकतो. मी ती आपल्या मर्जीने दिलेली सवलत म्हणूनच ठेवतो. तुमच्या सीएचं मत वेगळं असेल तर ते माना.

सीएंचा विषय निघालाच आहे. नवी फर्म सुरू करणारा माणूस सगळ्यात आधी सीएकडे जातो, त्यामुळे आपल्यासारख्यांना त्यांच्याकडून चांगली कामं येतात. पण चार्टर्ड अकाउंटंट्स ॲक्ट, १९४९च्या पहिल्या परिशिष्टानुसार, सनदी लेखापालाने (म्हणजे सीएने) सीएंच्या संस्थेचा सदस्य नसलेल्याच्या व्यावसायिक कामातल्या नफ्याचा वाटा घेणं हा गैरव्यवहार ठरतो. त्यांना टक्का विचारूच नका. विचारण्यानेही त्यांना अडचणीत टाकल्यासारखं होतं. कंपनीत नोकरी करणाऱ्या मित्राने आपल्याच कंपनीचं काम तुमच्याकडे वळवलं, तर त्यालाही काही देऊ नका. बहुतेक कंपन्यांच्या नियमांत ते बसत नाही आणि सरकारी नोकर असेल तर प्रकरण थेट लाचेपर्यंत जातं. परदेशातल्या ओळखीच्यांनाही, न्यू जर्सीत राहणाऱ्या वर्गमित्राला समजा, पाच हजार पाठवण्यासाठी बँकेची कागदपत्रं आणि शुल्क परवडत नाही. त्याच्या इथल्या घरच्यांच्या दुकानाची वेबसाइट तुमच्याकडे असेल, तर वजावट तिथे सहज देता येते.

आता वजावटीच्या खोडी, कारण त्याही आहेत.

पहिली: साठवण. तीन-चार जणांच्या वजावटी वर्षभर पडून राहतात आणि मार्चमध्ये, हातात सगळ्यात जास्त काम असताना, एकदम बाहेर येतात. म्हणून १२ महिन्यांची मुदत हवी आणि एका ग्राहकाने एका वेळी तीनपेक्षा जास्त वजावटी साठवू नयेत. दुसरी: वजावटीतलं काम ‘फुकटचं’ समजलं जातं, आणि ते दोन्ही बाजूंनी. ग्राहक बदल सुचवत राहतो, आपण ते मागे ढकलत राहतो. त्यावर उपाय एकच. त्या कामालाही रीतसर कोटेशन, तारीख आणि पूर्ण रकमेचं बिल द्यायचं, वजावट फक्त शेवटच्या ओळीत. तिसरी: डोमेन, होस्टिंग, थीमचं लायसन्स हे बाहेरचे खर्च वजावटीतून जाऊ द्यायचे नाहीत, नाहीतर वजावटीच्या नावाखाली खिशातून रोख जाते. चौथी, थोडी नाजूक: वजावट रुपयांत ठरवावी की तासांत? मी तासांत सांगतो, चार तास, कारण ग्राहकाला त्यात नेमकं काय होईल ते दिसतं: दोन नवी पानं, किंवा दिवाळीची बॅनर आणि दुकानाच्या वेळांचे बदल. बिलावर मात्र त्या दिवशीच्या दराने रुपये लिहितो. १,२५०चा दर असेल तर ५,०००. वर्षाच्या मध्ये दर वाढला तर वाढीचा भार आपल्यावर पडतो, हे मान्य करूनच तास सांगावेत.

या चारही खोडी नियम केले की आटोक्यात येतात, टक्क्यातला बिल दाखवण्याचा त्रास मात्र नियमांनी आटोक्यात येत नाही. मला फरक पडला तो इथे. शिवाय वजावट वापरायला माणूस पुन्हा तुमच्याकडे येतो, त्याचं स्वतःचं जुनं काम सुधारतं आणि ते पाहून तो पुढच्याला सांगतो. टक्क्यामागे नावं जास्त येतात, पण त्यातली बरीच नुसते नंबर असतात. पलीकडच्याला आपलं नाव दिल्याचं माहीतसुद्धा नसतं. वजावट घेणारा जुना ग्राहक नाव देतो, तेव्हा बहुधा त्याने आधी बोलून ठेवलेलं असतं. माझा अनुभव असा आहे, तुमच्या कामात वेगळाही असू शकेल.

भेटवस्तूंबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हजार-बाराशेचा सुकामेव्याचा डबा दिवाळीला सगळ्यांनाच जातो, त्यामुळे तो कशाबद्दल आला ते कळत नाही. भेट म्हणून दिलेल्या वस्तूवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही मिळत नाही, म्हणजे तो आपण भरायच्या जीएसटीतून वजा करता येत नाही. सीएंसाठी मात्र फराळाचा डबा, सोबत हाताने लिहिलेल्या चार ओळी, आणि आपल्याकडे कुणी सीए विचारला तर त्यांचं नाव सांगणं, एवढंच योग्य वाटतं.

तेव्हा ज्यांच्याकडून तुम्हाला शिफारशी येतात, ते बहुतांशी तुमचेच ग्राहक असतील, तर वजावट धरा. ते बहुतांशी जोडधंद्यातले असतील, तर ठोक रक्कम. टक्का तेव्हाच, जेव्हा दोघंही एकमेकांना कामं देता आणि बिलं एकमेकांना दाखवायला हरकत नाही. दोन्ही एकत्र चालवायला काही अडचण नाही, फक्त एका माणसाला एकच पद्धत.

पद्धत कुठलीही घ्या, नोंद पहिल्या फोनलाच करा. “माझा नंबर कुणाकडून मिळाला?” हे विचारायचं आणि त्याच दिवशी लिहायचं: सांगणाऱ्याचं नाव, तारीख, नवा ग्राहक, ॲडव्हान्सची तारीख, बिल क्रमांक, दिलेली वजावट, वापरलेली वजावट, मुदत. सात-आठ रकान्यांची साधी शीट पुरते. एकाच ग्राहकावर दोघांनी हक्क सांगितला, तर ग्राहकाने फोनवर घेतलेलं नाव खरं धरायचं. त्याने दोन्ही घेतली तर दोघांना दोन-दोन तास.

वजावट कळवायची ती ॲडव्हान्स जमा झाल्यावर, त्याआधी नाही, आणि नव्या कामाचा आकडा न सांगता: “नमस्कार, तुम्ही सांगितलेलं काम आजपासून सुरू झालं, मनापासून आभार. तुमच्या पुढच्या कामात चार तासांची वजावट धरतो आहे, पुढच्या १२ महिन्यांत कधीही सांगा.” मग दहाव्या महिन्यात आठवणीचा एक मेसेज, शक्यतो जानेवारीच्या आत पोहोचेल असा, म्हणजे ते काम मार्चमध्ये येऊन पडत नाही.