आठ दिवसांची पिल्लं म्हणून घेतली, २६,३१० रुपये बुडाले

गावाचं नाव लिहीत नाही. आधीच पारावर हसं झालंय. "काय भाऊ, तुये कोंबडे अंडे केव्हा देतेत?" असं पोरंसोरंही विचारतात. वर्धा नदीच्या काठाला पाच एकर, कपाशी-सोयाबीन. सोयाबीन विकून हातात चार पैसे होते अन् डोक्यात जोडधंदा. कोंबडीची पिल्लं विकणारे हे लोक अशा वेळी कसे गाठतात ते तुम्हाला माहीतच आहे. आधी व्हिडिओ, मग फोन, मग "भाऊ, सातच बुकिंग उरल्या."

मी डोळे मिटून पैसे दिले नाहीत. ७० किलोमीटर गाडी हाणत त्या विकणाऱ्याचं शेड बघून आलो. तिथं खरोखर गिरिराज अन् वनराज या सुधारित जातींचे कोंबडे होते, तांबडे, काळे, कवडे, भरल्या अंगाचे. हिशेबही पटण्यासारखा होता. अंडी मिळतात, कोंबडा खायला विकला जातो, परसात फिरून पोट भरतात, आणि हिवाळ्यात गावरान दिसणाऱ्या अंड्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. वरून तोच ८ रुपयाला अंडं परत घेणार होता. 'परत विकत घेतो' म्हणून शेतकऱ्यांना फसवल्याचं सांगलीकडचं २०१९ चं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण मीही पेपरात वाचलं होतं. पण ते कडकनाथ, हे गिरिराज, अशी मनाची समजूत घातली.

नोंदणी १,१००. ३०० पिल्लं, ६२ प्रमाणे १८,६००. 'हिवाळी किट' ६,५००, त्यात निघालं काय तर पत्र्याची टोपी, दोन बल्ब आणि लेबल खरवडलेली औषधाची बाटली. गाडीभाडं १,८५०. एकूण २८,०५०, सगळे मोबाइलवरून, तेही कुण्या बाईच्या नावच्या खात्यात. पावती मागितली तर "बिल गाडीसोबत येते." गाडी आली, बिल नाही.

डिसेंबरात रात्री नऊला खोके उतरले. करार आठ दिवसांच्या, लस झालेल्या पिल्लांचा. आईनं बॅटरीच्या उजेडात एक पिल्लू तळहातावर घेतलं, बोटानं पंख उलगडला. नुसती लव. चोचीच्या टोकावर अंडं फोडायचा पांढरा दाणा अजून तसाच. "आठ दिसाच्या पिल्लाले पखं फुटते रे बाबू. याले कुठी हायेत? अन् सारे पांढरेच कसे?"

मी काय केलं? आईचं ऐकायचं सोडून त्यालाच फोन लावला. तो म्हणाला, "थंडीत पिसं उशिरा फुटतात, रंग संक्रांतीनंतर भरतो." आणि मी तेच वाक्य आईला ऐकवलं. जन्मभर कोंबड्या पाळलेल्या बाईला! गाडीवाला अजून दारात चहा पीत होता हो. खोके तिथल्या तिथं परत चढवता आले असते. आजही रात्री दोनला जाग आली की तो चहाचा कप दिसतो.

पिल्लं खरं तर नुकती अंड्यातून निघालेली होती. एका दिवसाच्या पिल्लाला पस्तीस अंशाच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करायची. मी आठवड्याच्या पिल्लाच्या मापानं दोन बल्ब लावले. पारा आठ-नऊवर, पहाटे लाइट गेली. सकाळी पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून ढीग झालेली, खालचा थर चपटा. तीन रात्रींत ८४ गेली. उरलेल्यांना चौथ्या आठवड्यात हिरवी हगवण, माना वाकड्या. कोंबड्यांचा राणीखेत रोग. लस झाली होती म्हणे! आणखी ४५.

वाचलेल्या १७१ ना सातव्या आठवड्यात लालभडक तुरे आले आणि बांग सुरू झाली. एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, नाही त्यात. खाद्यवाल्यानं बघताच सांगितलं, हे अंड्याच्या जातीचे नर, अंडी उबवून पिल्लं काढणाऱ्या हॅचरीला नकोच असतात, पाच-दहा रुपयांत उचलून आणतात. अंगही धरत नाहीत. खाद्याची सात पोती, १,९५० प्रमाणे १३,६५०. कोंबडे ९० नं विकले, १५,३९० आले. उरलं ते वर लिहिलंच आहे.

पोलीस ठाण्यात गेलो तर "हा दिवाणी वाद, कोर्टात जा." दुसऱ्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्यांदा, "शेड दुसऱ्या जिल्ह्यात, तिकडं तक्रार द्या." तिकडं गेलो, शेडला कुलूप, ठाण्यातले म्हणाले, "पैसे तुमच्या गावातून गेले ना?" चार खेपांचं पेट्रोल मी हिशेबात धरलंच नाही. गुरांच्या दवाखान्यात विचारलं, मेलेलं पिल्लू आणलं का? मी सगळी पुरून टाकलेली. बँकेत म्हणाले, "तुम्हीच तर पिन टाकला." एका शहाण्यानं सांगितलं, धंद्यासाठी घेतलं म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. हे खोटं आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्यात फक्त पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू 'धंद्यासाठी घेतली' असं धरत नाहीत, म्हणजे मी ग्राहकच. अर्ज दिलाय, तारीख पडायची आहे.

पैसे गेल्यागेल्या सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन करा, मी दोन महिन्यांनी केला. खोकं गाडीवाल्यासमोर उघडा, पंख उलगडून बघा, व्हिडिओ काढा. मेलेलं पिल्लू त्याच दिवशी दवाखान्यात न्या. लसीचा कागद नाही तर लस नाही. आणि 'परत विकत घेतो' म्हणणाऱ्याला आधीच्या पाच शेतकऱ्यांचे नंबर मागा, त्यानं दिलेले नव्हे, तुम्ही गावात हिंडून काढलेले.

काल त्याचं स्टेटस बघितलं. तोच शेडचा फोटो, तेच कवडे कोंबडे. दर आता ६५ झालाय, आणि बुकिंग पुन्हा सातच उरल्यात.