शिकाऊ परवान्याची कागदपत्रे करून देणारे दुकान: कागद चोख, घोषणापत्र वाऱ्यावर

माझे वय ४३ आणि दुचाकीचा परवाना आता काढते आहे. महाराष्ट्रात जून २०२१ पासून आधारच्या साहाय्याने शिकाऊ परवान्याची चाचणी घरबसल्या देता येते, हे मला ठाऊक होते. परंतु माझ्या आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक केव्हाच बंद पडला असल्याने ओटीपी येण्याचा प्रश्नच नव्हता. साहजिकच वेळ घेऊन, मूळ कागदपत्रांसह समक्ष जाण्याचा मार्ग धरावा लागला आणि त्याची तयारी आरटीओच्या रस्त्यावरील एका ऑनलाइन सेवांच्या दुकानातून करून घेतली. दुकानाचे नाव मुद्दामच देत नाही.

आधी कौतुकाचे सांगते. दुकानातील मुलाने पहिली पंधरा मिनिटे संगणकाला हातही लावला नाही. वयाच्या पुराव्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला, पत्त्यासाठी मतदार ओळखपत्र, आधार आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र असे सगळे कागद त्याने काउंटरवर ओळीने मांडले आणि प्रत्येकावरील नाव बोटाने अक्षर न् अक्षर वाचले. दाखल्यावर माझे माहेरचे नाव, तेही आडनावापासून सुरू होणारे. बाकी कागदांवर सासरचे. ही दोन नावे एकाच बाईची आहेत हे विवाह नोंदणी प्रमाणपत्राखेरीज कुठेच सिद्ध होत नाही, हे त्याने न विचारता ओळखले. याहून बारीक गोष्ट म्हणजे नवऱ्याच्या नावापुढे मतदार ओळखपत्रावर ‘राव’ आहे आणि आधारवर नाही. “ताई, कोणतं ठेवायचं ते आत्ताच ठरवा, नाहीतर पक्क्या परवान्यापर्यंत हा घोळ पाठ सोडणार नाही,” असे तो म्हणाला. घरी बसून मी अर्ज भरला असता, तर हे माझ्या लक्षात आले नसते. छायाचित्र आणि सही १० ते २० केबीच्या मर्यादेत बसवण्याचे कामही त्याने झटपट उरकले. सही फिकट दिसते म्हणून काळ्या पेनाने कोऱ्या कागदावर पुन्हा करायला लावली.

तक्रार सुरू होते ती यापुढे. नमुना १ हे शारीरिक क्षमतेचे स्वयंघोषणापत्र आहे. अपस्माराचा त्रास आहे का, लाल व हिरवा रंग ओळखता येतो का, स्वच्छ उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्याने वाचता येते का, असे प्रश्न त्यात असतात. मी चष्मा लावते हे समोर दिसत असूनही त्याने एकही प्रश्न मला न विचारता सगळ्यांची सोयीची उत्तरे भरून टाकली. नावातील ‘राव’साठी दहा मिनिटे घालवणाऱ्या माणसाला डोळ्यांसाठी अर्धा मिनिट मिळू नये, याचे आश्चर्य वाटले. अर्जातील अवयवदानाच्या रकान्यातही त्याने परस्पर ‘नाही’ भरले होते. माझे उत्तर ‘होय’ आहे. पडद्यावर नजर गेली म्हणून दुरुस्ती झाली.

चाळिशी उलटलेल्यांना नमुना १-अ, म्हणजे डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. “ते आमच्याकडेच होऊन जाईल, तुम्हाला कुठे जायची गरज नाही,” हे वाक्य त्याने चहा मागवावा इतक्या सहजतेने उच्चारले. मी नकार दिला आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी भिंतीवरचा तक्ता खरोखरच वाचायला लावला, तेव्हा उजव्या डोळ्याचा नंबर वाढलेला निघाला आणि नवा चष्मा करून घेतल्यावरच प्रमाणपत्र मिळाले. त्यात आठवडा गेला, वेळही पुन्हा घ्यावी लागली. त्याचे मला वाईट वाटत नाही.

पैशांबाबत दुकानाची पद्धत मोघम आहे. शिकाऊ परवान्याचे सरकारी शुल्क प्रत्येक वाहनप्रकाराला १५० रुपये आणि चाचणीचे ५० रुपये आहे. दुकानाने मात्र एकच ठोक रक्कम सांगितली आणि स्वतःची मजुरी किती हे दोनदा विचारल्यावरच फोड करून दिली. मजुरी रास्त होती, मग लपवाछपवी कशासाठी हे कळले नाही. अर्जात संपर्क म्हणून दुकानाचाच मोबाइल क्रमांक घालण्याचीही त्यांची सवय आहे. ओटीपी पटकन मिळतो म्हणून त्यांना ते सोयीचे पडते, पण उद्या दुकान बंद झाले तर परवान्याचे संदेश कोणाकडे जाणार?

ठरल्या दिवशी कागदांच्या तपासणीत एकही शंका निघाली नाही. माझ्या पुढच्या बाईंना नावातील फरकामुळे परत जावे लागले. चाचणीत ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात, ती आली. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. पाचपैकी तीन तारे देते आणि त्या अर्जासाठीही याच दुकानात जाणार आहे. मात्र बसण्याआधी पडदा माझ्या बाजूला वळवायला सांगेन.